‘महाराष्ट्रात गरिबी नाही, आळस आहे’ म्हणणाऱ्यांना

परवा रात्री जेवण झाल्यावर भाच्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामा, हे वाचा बरं. खोटं काय आहे यात?"

मेसेज मी आधीच वाचला होता. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर महिन्याभरात तीनदा येऊन गेलाय. असलं काही आलं की वर सरकवायचं आणि पुढे जायचं, असंच मीही करत आलो. पण भाचा सव्वीस वर्षांचा आहे, बी.ए. झालाय, तीन भरत्या देऊन झाल्यात. त्या दिवशी पहाटे पाचला उठून धावून आला होता, नंतर दिवसभर बापाबरोबर कापसावर फवारणी केली होती. आणि रात्री मला म्हणतो, "आमच्या पोरांतच खोट आहे मामा. कष्टाची तयारी नाही आमची." त्याच्या खांद्यावर फवाऱ्याच्या पट्ट्याचे वळ दिसत होते तेव्हा. मेसेज लिहिणाऱ्याचं काही जात नाही, इथे माझ्या घरातल्या पोराची उमेद जाते. म्हणून एकदाचं उत्तर लिहून टाकतो.

मेसेज लांबलचक आहे. गाभा एवढाच: महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न तीन लाखांच्या वर गेलं, म्हणजे चौघांच्या घरात वर्षाला बारा लाख येतात, मग गरीब कोण? नीती आयोगच सांगतो की गरिबी सात टक्क्यांवर आली. बेरोजगारी जेमतेम तीन टक्के, म्हणजे ज्याला काम हवं त्याला काम आहे. यूपी-बिहारचे लोक येऊन कमावतात आणि मराठी पोरं पारावर बसतात. फुकटचं धान्य आणि लाडकी बहीणचे दीड हजार, यामुळे शेतात मजूर मिळत नाही. शेवटी ठळक अक्षरांत: ‘महाराष्ट्रात गरिबी नाही, आळस आहे. पटलं तर पुढे पाठवा.’

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. मेसेजच्या क्रमाने जाणार नाही. जे सगळ्यात जास्त लागलं तिथून सुरुवात करतो.

‘बाहेरचा येऊन कमावतो, मराठी माणूस पारावर बसतो’

माझ्या शाळेत यायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर या. सुट्टीआधी बासष्टचा पट असतो, सुट्टीनंतर वर्गात वीस-पंचवीस डोकी दिसतात. बाकीची पोरं आईबापांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलेली असतात. ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, चूल, पत्र्याची पेटी, कोंबड्या, शेळी, त्यावर म्हातारी आणि तिच्या मांडीवर तान्हं. जायचं कुठे, तर कोल्हापूर, सांगली, सातारा, कोणी थेट कर्नाटकात बेळगावकडे. बीड, जालना, परभणी, धाराशिव, नगरचा दुष्काळी पट्टा इथून लाखांनी माणसं दरवर्षी अशी ऊसतोडीला जातात. आणि कोल्हापूरच्या त्या फडात आमची ही माणसं ‘बाहेरचीच’ असतात. तिथल्या लोकांच्या तोंडी हेच वाक्य असतं, की बाहेरचे येऊन कमावतात. मेसेज लिहिणाऱ्याला मराठी माणूस कष्ट करताना दिसला नसेल, तर त्याने उसाचा फड पाहिलेला नाही एवढंच त्याचा अर्थ होतो.

गेल्या वर्षी मार्च संपता संपता चौथीतली एक मुलगी परत आली. हातांवर पाचटाने कापल्याच्या रेघाच रेघा. बाराचा पाढा विसरली होती. मी जरा रागावलो तर म्हणाली, "गुरुजी, टनाचा हिशोब येतो मला." आणि खरंच आला. घरी रोज रात्री तोच चालायचा. तिने सांगितला तसा मी फळ्यावर मांडला.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतली एक लाख. दर टनाला ३६६ रुपये. हा दरही २०२४ च्या जानेवारीत भांडून, संप करून वाढवून मिळालेला, त्याआधी २७३ होता. लाख रुपये फेडायला दोघांनी २७३ टन ऊस तोडायचा, बांधायचा, डोक्यावर मोळ्या वाहून गाडीत भरायचा. दोघांचं मिळून दिवसाला दोन टन धरा. म्हणजे १३७ दिवस. पण त्या कारखान्याचं गाळप ११० दिवसांत संपलं. राहिले २७ दिवस, म्हणजे वीस हजारांच्या जवळपास बाकी. त्यात दर आठवड्याला घेतलेली खर्ची वेगळी. ती सगळी बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीतून कापली जाणार. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं की नाही, हे ठरवायचं कामच उरलं नाही.

दिवसाला दोन टन म्हणजे दोघांना मिळून ७३२ रुपये, माणशी ३६६. पहाटे चारला फडात, गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. आजारपणात घरी बसलात तर खाडा. खाड्याच्या दिवशी मजुरी तर नाहीच, उलट दंड कापतात. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही म्हणून बायका दुखणं अंगावर काढतात आणि शेवटी पिशवी काढून टाकतात. हे मी ऐकीव सांगत नाही. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यांना आळशी म्हणणाऱ्याने निदान हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

आणि हे फक्त ऊसतोडीचं नाही. नंदुरबारचे आदिवासी गुजरातेत जातात. मेळघाटातले कोरकू होळीपर्यंत बाहेर असतात. जव्हार-मोखाड्याचे कातकरी आणि वारली भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर. पुण्यात हडपसर-वाघोलीकडे सकाळी सातला मजूर अड्ड्यावर उभं राहा आणि बोली ऐका. निम्मी मराठवाड्याची निघेल.

बिहारचा पोरगा मुंबईत येतो तोही हौसेने येत नाही. तो एकटा येतो, एका खोलीत दहा जण झोपतात, गावाकडे यापेक्षा कमी मिळतं म्हणून इथे टिकतो. तो आणि आमचा ऊसतोड्या एकाच कारणाने घर सोडतात. एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला शिवी घालायची, यात कोणाचं भलं आहे ते मला कळलेलं नाही.

‘चौघांच्या घरात बारा लाख’

आता सगळ्यात चुकीचा मुद्दा. हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण आकडा खरा आहे. राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ साठी दरडोई उत्पन्नाचा अंदाज ३ लाख ९ हजार ३४० रुपये दिला आहे. त्याला चारने गुणलं की बारा लाखांच्या वर जातं. गुणाकार बरोबर आहे, अर्थ साफ चुकीचा आहे.

दरडोई उत्पन्न म्हणजे माणसाच्या हातात पडलेला पैसा नव्हे. राज्याच्या हद्दीत वर्षभरात जे काही पिकलं, बनलं, विकलं, बँकांनी, विमा कंपन्यांनी, आयटीवाल्यांनी, रिफायनऱ्यांनी जी मूल्याची भर घातली, त्या सगळ्याची बेरीज करायची, झीज वजा करायची आणि साडेबारा कोटींच्या आसपास लोकसंख्येने भागायचं. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचा नफाही त्या बेरजेत आहे आणि माझ्या गावातल्या बाईची खुरपणीची मजुरीही त्याच बेरजेत आहे. भागाकार झाला की कोणाचं किती ते पुसलं जातं. त्याच आर्थिक पाहणीत पुढे जिल्हावार तक्ता असतो. वर मुंबई, ठाणे, पुणे. तळाला नंदुरबार, वाशीम, गडचिरोली. मेसेज बनवणाऱ्याला पहिला आकडा सापडला, तर थोडी पानं उलटून हा तक्ताही सापडला असता.

मग माणसाच्या घरात खरंच किती येतं-जातं हे कशावरून कळेल? त्यासाठी केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचं घरगुती खर्चाचं सर्वेक्षण आहे. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या वर्षभरात सर्वेक्षकांनी घरोघरी जाऊन विचारलं, की धान्य किती, तेल किती, भाडं किती, औषधाला किती, शाळेला किती, मोबाईलच्या रिचार्जला किती. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च निघाला ४,१४५ रुपये. शहरी भागात ७,३६३.

४,१४५ ला बाराने आणि मग चारने गुणा. एक लाख नव्व्याण्णव हजार होतात. मेसेजमधला आकडा बारा लाख, आणि घरात बसून विचारून आलेला आकडा दोन लाख. खर्च म्हणजे उत्पन्न नव्हे, काही जण शिल्लक टाकतात, हे मान्य. पण वर्षाला बारा लाख कमावून दोनच लाख खर्च करणारं खेडं मला तरी महाराष्ट्रात दाखवा. आणि ही सरासरीसुद्धा गावातले बागायतदार, दुकानदार, ठेकेदार आणि माझ्यासारखे पगारी मास्तर धरून आहे. आमचा खर्च वर ओढतो आकडा. भूमिहीन घराचा आकडा त्याच्या बराच खाली असणार.

याच सर्वेक्षणातली आणखी एक गोष्ट मला झोंबली. ग्रामीण भारताची सरासरी आहे ४,१२२ रुपये. ग्रामीण महाराष्ट्र ४,१४५. फरक तेवीस रुपयांचा. राज्याचं दरडोई उत्पन्न देशाच्या जवळजवळ दीडपट, आणि खेड्यातल्या माणसाच्या खर्चात फरक तेवीस रुपयांचा, म्हणजे दोन कप चहाचा. दक्षिणेकडे बघा. ग्रामीण तामिळनाडूत हाच खर्च ५,७०१ आहे, ग्रामीण केरळात ६,६११. दरडोई उत्पन्नात ही राज्यं आपल्या अगदी जवळपास आहेत. म्हणजे राज्य श्रीमंत असताना खेड्यातल्या माणसाच्या घरापर्यंत पैसा पोहोचवता येतो, इतरांनी तो पोहोचवला आहे. आपल्याकडे तो कुठे अडतो हा खरा प्रश्न आहे, आणि ‘आळस आहे’ म्हटलं की तो प्रश्न विचारायचीच सोय राहत नाही. मला या मेसेजचा राग सगळ्यात जास्त येतो तो इथे.

अडतो कुठे याचा अंदाज करणं फार अवघड नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक शेतीवर होते, आणि त्यात शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त भरली होती. राज्याच्या एकूण उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र दहा-बारा टक्क्यांच्या घरात. इतकी माणसं इतक्याशा तुकड्यावर जगतात. २०१८-१९ सालच्या शेतकरी कुटुंबांच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न ११,४९२ रुपये निघालं होतं. एका माणसाचं नव्हे, अख्ख्या कुटुंबाचं, आणि त्यात मजुरीचे पैसेही धरलेले. पंजाबात तेव्हा २६,७०१ होतं.

‘नीती आयोगच म्हणतो गरिबी सात टक्के’

इथे मला थोडं मागे सरावं लागतं. आकडा बरोबर आहे आणि त्यामागे झालेलं कामही खरं आहे. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात महाराष्ट्रातली बहुआयामी गरिबी १४.८० टक्क्यांवरून ७.८१ टक्क्यांवर आली असं दिलंय. पहिला आकडा २०१५-१६ चा, दुसरा २०१९-२१ चा. गावात मी ते डोळ्यांनी पाहिलंय. संडास झाले, वीज आली, गॅस आला, बायकांची बँकेत खाती निघाली. काहीच बदललं नाही असं म्हणणारा माणूसही मला खोटाच वाटतो.

पण ही गरिबी मोजतात कशी ते बघा. बारा कसोट्या आहेत, पोषण, बालमृत्यू, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, वस्तू, बँक खातं वगैरे. यात मजुरी किती मिळते ही कसोटीच नाही. घरात वीज आणि बँकेत खातं असलेला ऊसतोड्या या हिशोबात गरीब न ठरण्याची पुरती शक्यता आहे, डोक्यावर लाखाची उचल असली तरी. आणि सात टक्के म्हणून जे हातावेगळं केलंय ती माणसं मोजली तर कोटीच्या जवळ जातात. नंदुरबार जिल्ह्यात पहिल्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोक गरीब होते, दुसऱ्या पाहणीतही साधारण तिघांमागे एक. दुसरी पाहणी ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून आली, त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची आढळली. आधीच्या सर्वेक्षणातही ३६ टक्केच होती. पाच वर्षांत तो आकडा हललाच नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला आळशी म्हणता येत नाही, त्याच्या ताटात काही पडत नाही एवढाच त्याचा अर्थ.

‘बेरोजगारी फक्त तीन टक्के’

भाच्याला मी इथेच समजावलं, कारण या तीन टक्क्यांत तो नाही. सरकारी हिशोबात तो बेरोजगार नाहीच.

श्रमबल सर्वेक्षणाची पद्धत अशी, की वर्षभरात तीस दिवस किंवा जास्त कुठलंही काम केलं असेल तर माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात, घरच्या दुकानात बिनपगारी हातभार लावला तरी तो रोजगारच. माझा भाचा बापाच्या अडीच एकरात फवारतो, कोळपतो, कापूस वेचायला जातो. त्याला कोणी एक रुपया देत नाही. नोंद काय होणार, तर स्वयंरोजगार. २०२३-२४ मध्ये देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, आपलाही त्याच आसपास. आणि त्याच अहवालात काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून जास्त लोक ‘स्वयंरोजगारात’ होते, नियमित पगाराचे होते जेमतेम २२ टक्के. गरीब माणसाला रिकामं बसणं परवडतच नाही. तो पन्नास रुपयांचं काम असलं तरी करतो, मग बेरोजगारीत त्याचं नाव येणार कसं? हा आकडा काम किती आहे ते सांगतो, त्या कामात पोट भरतं का ते सांगत नाही.

पारावर बसणाऱ्या पोरांबद्दल बोलायचं तर भरतीचे आकडे बघा. २०२४ च्या जूनमध्ये राज्यात पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली. जागा १७,४७१. अर्ज पावणेअठरा लाखांच्या वर. एका जागेमागे शंभर पोरं. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. शंभरातला एक घेतला की उरलेल्या नव्व्याण्णवांनी कितीही पळून काय होणार? ती सगळी वाऱ्यासारखी पळाली असती तरी नव्व्याण्णव घरीच येणार होती.

माझा भाचा त्या भरतीला गेला होता. ऐन पावसाची सुरुवात. आदल्या रात्री उड्डाणपुलाखाली शंभरेक पोरांबरोबर झोपला, पिशवी उशाशी, बूट पिशवीत, भिजू नयेत म्हणून. पहाटे चारला रांगेत. सोळाशे मीटर पळाला, गोळा फेकला, शंभर मीटर पळाला. मैदानात पन्नासपैकी एकेचाळीस गुण पडले. लेखीत चार गुणांनी गेला. त्या रात्री तिथे जी पोरं झोपली होती त्यांत इंजिनिअरिंग झालेले होते, बी.एड. झालेले होते. बारावीवर होणाऱ्या शिपायाच्या नोकरीसाठी. सरकारी नोकरीच का हवी, खासगी का नको, असं मेसेज विचारतो. कारण खासगीत आमच्या तालुक्यात जे आहे ते म्हणजे कापड दुकानात महिना आठ हजार, पेट्रोल पंपावर नऊ, सुट्टी नाही, पीएफ नाही. पुण्याच्या चाकणला गेलं तर ठेकेदाराकडे सात-आठ महिने, मग ब्रेक. भाचा तिथेही जाऊन आलाय. अकरा महिने काम केलं, खोलीभाडं आणि मेस जाऊन घरी पाठवायला दोन हजार उरायचे. त्याला आळशी म्हणायच्या आधी हे सगळं विचारायला हवं होतं. कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही, आणि आता तो मेसेजवर विश्वास ठेवून बसलाय.

‘फुकट धान्य, दीड हजार, म्हणून मजूर मिळत नाही’

यातलं अर्ध खरं आहे. मजूर मिळत नाही ही तक्रार मी शेतकऱ्यांच्या तोंडून दरवर्षी ऐकतो, माझा दाजीही करतो. सोयाबीन काढणीच्या पंधरा-वीस दिवसांत माणूस खरंच मिळत नाही. पण सगळ्या शिवाराची काढणी एकाच पंधरवड्यात येते म्हणून मिळत नाही. तेव्हा टोळ्या गुत्त्याने काम घेतात, कारण वर्षातले तेच दिवस चार पैसे जास्त मिळण्याचे. उरलेल्या महिन्यांत त्याच बायका सकाळी डबा घेऊन कोणाकडे खुरपण आहे का विचारत फिरतात. आमच्याकडे खुरपणीला बाईला तीनशे मिळतात, तेही महिन्यातून दहा-बारा दिवस. रोजगार हमीचा राज्यातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरला होता. याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून शिकून, वि. स. पागे यांच्या आग्रहाने, मागेल त्याला काम देण्याचा कायदा १९७७ साली केला. देशाला ती वाट आपण दाखवली. त्या दुष्काळात माझ्या आजीने खडी फोडली. फुकटचं खायचं असतं तर मागेल त्याला काम हा कायदा लागलाच नसता, मागेल त्याला पैसे असा झाला असता. लोकांनी काम मागितलं होतं.

दीड हजार रुपये महिना म्हणजे दिवसाला पन्नास. रेशनचं धान्य माणशी महिन्याला पाच किलो, चौघांना वीस. एवढ्यावर चार माणसांनी काम सोडून घरी बसायचं म्हटलं तर तेल, मीठ, भाजी, औषध, वही, एसटीचं तिकीट कुठून आणायचं? त्याच खर्चाच्या सर्वेक्षणात फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमतही वेगळी मोजली आहे. ती धरली की ग्रामीण भारताचा माणशी खर्च ४,१२२ वरून ४,२४७ होतो. सव्वाशे रुपये. महिन्याला माणशी सव्वाशे रुपयांनी देश आळशी झाला, असा हा दावा आहे.

अपात्र लोकांनी पैसे घेतले, हे मात्र खरं. लाडकी बहीणमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांची नावं पडताळणीत निघाली. रेशनमध्येही आमच्या गावात ट्रॅक्टरवाल्याकडे कार्ड आहे आणि विधवा म्हातारीचं नाव ऑनलाइन दिसत नाही म्हणून ती तीन महिने फेऱ्या मारते. त्या चोरांना खुशाल धरा. पण मेसेजला स्वतःचंच भान नाही. लाडकी बहीणची अट आहे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि दोन कोटींहून जास्त बायकांना पैसे गेले. पहिल्या मुद्द्यात घराघरात बारा लाख आले म्हणता, शेवटच्या मुद्द्यात सगळे फुकटच्या रांगेत उभे आहेत म्हणता. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे, लग्नात डीजे लावतात, हेही मेसेजमध्ये आहे. मोबाईलशिवाय आता मुकादमाचा फोन येत नाही, रेशनचा ओटीपी येत नाही आणि भरतीचा अर्जही भरता येत नाही. त्यावर यापेक्षा जास्त लिहावं असं वाटत नाही.

हे सगळं मी भाच्याला त्या रात्री वहीवर मांडून दाखवलं. ३६६ गुणिले दोन त्याने स्वतः केलं, ४,१४५ गुणिले बारा गुणिले चार त्यानेच केलं. बराच वेळ वहीकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे बारा लाख कोणाचे आहेत मामा?" मी म्हटलं, हाच प्रश्न तू ग्रुपवर टाक. त्याने टाकला. अजून उत्तर आलेलं नाही.

ज्या मित्राने हा मेसेज आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला तो शाळेत माझ्या शेजारी बसायचा. आता पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. त्याच्या वडिलांनीही दोन हंगाम कोयता धरला होता, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. मित्रा, भाऊबीज झाली की ये. रात्री माझ्याकडे मुक्काम कर. पहाटे तीनला मारुतीच्या देवळासमोर ट्रॉल्या भरायला सुरुवात होते, मी तुला उठवतो. माझ्या वर्गातली कोणती पोरं वर चढतात ते आपण दोघं मिळून मोजू. आणि तोपर्यंत ॲडमिनला सांगून तो मेसेज ग्रुपवरून काढून टाक. भाचा अजून रोज उघडून वाचतो तो.